करसल्लागार कोणाच्या बाजूचा?

व्यवसायाला आरंभ करून मला काही महिनेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. एक किराणा दुकानदार लाल फडक्यात बांधलेल्या वह्या काखेत घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांनी रोजकीर्द आणि खतावणी माझ्यापुढे मांडली, प्राप्तिकर खात्याची नोटीस त्यांवर ठेवली, पेलाभर पाणी घेतले आणि कामाचे अक्षरही बोलण्यापूर्वी मला विचारले, "साहेब, आधी एवढं सांगा, तुम्ही आमच्या बाजूचे की सरकारच्या?" मी नवखा होतो. "अर्थात तुमच्या," असे ताडकन सांगून मोकळा झालो. गृहस्थांचे समाधान झालेले दिसले. त्यांनी पिशवीतून आणखी एक, जराशी बारीक वही काढली आणि पहिल्या वह्यांच्या शेजारी ठेवली.

ती खरी वही होती. पहिल्या वह्यांत दुकानाची जेवढी उलाढाल दिसत होती तिच्याहून ती ह्या वहीत बरीच अधिक होती. मी त्यांच्या बाजूचा असल्याचे बोलून बसलो होतो, आणि त्या 'बाजू'चा अर्थ त्यांच्या मनात काय होता तो आता माझ्यापुढे उघडा पडला होता. विवरणपत्र ह्या बारीक वहीप्रमाणेच भरावे लागेल, मागे राहिलेला करही व्याजासह भरून टाकावा, त्यातच तुमचे हित आहे, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, सगळ्या वह्या पुन्हा फडक्यात बांधल्या आणि "बघतो, घरी विचारतो" असे म्हणून ते जिना उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र इतकी वर्षे माझ्यापाशी राहिला आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर एकट्या माणसाला देणे अवघड जाते. पक्षकार समोर बसलेला असतो, खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावयाचे असते, आणि आपण नाही म्हटले तर हो म्हणणारा दुसरा कोणी पलीकडच्या गल्लीत असतोच. परंतु तेच पंचवीस-तीस समव्यवसायी एकत्र बसले, एकमेकांच्या देखत बोलू लागले, म्हणजे मनुष्य थोडा अधिक सरळ वागतो, असा माझा अनुभव आहे. करविषयक जाणकारांच्या ज्या संस्था आपल्या देशात आणि इतरत्र आहेत, त्यांच्याविषयी आज मी बोलणार आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी त्यांची नावेही ऐकली नसतील. तरीही आपल्या खिशातून सरकारजमा होणाऱ्या पैशाशी त्यांच्या कामाचा निकटचा संबंध आहे.

हिंदुस्थानात प्राप्तीवर कर बसविला तो जेम्स विल्सन ह्यांनी, १८६० साली. सत्तावन्नच्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी हा उपाय. कर बसवून विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यास निवर्तले. पुढे हा कर कधी उठला, कधी पुन्हा बसला, आणि १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला. पण आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९२२ चे. त्या वर्षीच्या कायद्याने एक साधासा दिसणारा बदल केला. कराचे दर मूळ कायद्यातून काढले आणि ते दर वर्षीच्या वित्त कायद्याने ठरावेत अशी योजना केली. परिणाम असा झाला की, करासंबंधीचे ज्ञान ही नाशवंत वस्तू बनली. जमिनीचा किंवा वारशाचा कायदा एकदा शिकलेला वकील त्यावर पुष्कळ वर्षे काढू शकत असे. प्राप्तिकराचा जाणकार दर वर्षी अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विद्यार्थी होतो. अशा विद्येला शाळा लागते, आणि ती शाळा जाणत्यांनीच एकमेकांसाठी चालवावी लागते. मुंबईत प्राप्तिकर सल्लागारांची 'चेंबर' नावाची संस्था १९२६ साली स्थापन झाली, म्हणजे त्या कायद्यानंतर अवघ्या चार वर्षांत, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. आज ती 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' ह्या नावाने ओळखली जाते.

ह्या व्यवसायात पहिल्यापासून सरमिसळ फार. करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे कोणी उभे राहावे ह्याविषयी कायदा उदार होता. १९६१ च्या कायद्याचे २८८ वे कलम पाहिले तर त्यात वकील आहे, हिशेबतपासनीस आहे, ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य आहे, करदात्याचा नोकर आहे, त्याचा नातलगही आहे. वकिलाला शब्द कळतो, हिशेबतपासनिसाला आकडा कळतो; दोघांनाही दुसऱ्याचे शास्त्र अर्धवट कळते आणि ते पूर्ण कळते असे दोघांनाही वाटत असते. ह्यावर सरकारनेही एक चांगला तोडगा काढला होता. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण १९४१ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याच्या पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य शेजारी बसतात. निष्पक्ष, सुलभ, सत्वर न्याय हे त्याचे ब्रीद. आमच्या संस्थांनीही हीच रीत नकळत उचलली. चार्टर्ड अकाउंटंट मंडळींची सनद देणारी संस्था संसदेच्या कायद्याने १९४९ साली झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांची एक स्वेच्छेने चालणारी सोसायटीही निघाली. पण वकील आणि हिशेबतपासनीस एकाच बाकावर बसतात ते कर-सल्लागारांच्या संस्थांतच. पुढे १९७६ साली देशभरच्या अशा मंडळींचा अखिल भारतीय महासंघ झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष नानी पालखीवाला झाले.

ह्या संस्थांत नेमके चालते काय? बाहेरच्याला वाटावे की, कर कसा वाचवावा ह्याच्या क्लृप्त्या येथे सांगत असतील. वस्तुस्थिती त्याहून बरीच नीरस आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास लोक जमतात. कोणी एक सदस्य न्यायाधिकरणाचा किंवा उच्च न्यायालयाचा ताजा निकाल वाचून आलेला असतो. तो निकालातील घटना सांगतो, कलम सांगतो, कलमाखालचे परंतुक सांगतो, परंतुकाखालचे स्पष्टीकरण सांगतो. मग दुसरा उठतो आणि म्हणतो की, हे स्पष्टीकरण अमुक वर्षापासून लागू आहे, आणि ह्या खटल्यातील वर्ष त्याच्या आधीचे आहे. तासभर वाद होतो. चहा येतो. चहाच्या वेळी खरे प्रश्न निघतात: "माझ्या एका पक्षकाराचं असं झालंय, मी काय करू?" मोठमोठे नावाजलेले वकील त्या वेळी कपात बिस्किट बुडवून, एक पैसा न घेता, नवख्या मुलाला उत्तर देत असतात. हे मी किती वेळा पाहिले आहे त्याची गणती नाही. माझ्या बारीक वहीची हकीकतही मी अशाच एका चहाच्या वेळी एका ज्येष्ठांना सांगितली होती. ते म्हणाले, "तुझं उत्तर चुकलं नाही, घाई चुकली. आधी वही बघायची आणि मग बाजू सांगायची."

करचुकवेगिरी आणि कायद्याने दिलेल्या सवलतीचा लाभ घेणे, ह्यांतील सीमा रेखणे हे ह्या मंडळींचे जुनेच कोडे आहे. बारीक वही ही चुकवेगिरी, ह्यात वाद नाही. भविष्यनिर्वाह निधीत रक्कम टाकून वजावट घेणे ही चुकवेगिरी नव्हे, ह्यातही वाद नाही. पण ह्या दोहोंच्या मधे फार मोठा माळ पसरलेला आहे आणि त्यावर कुंपण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅक्डॉवेलच्या खटल्यात, कर टाळण्यासाठी रचलेल्या दिखाऊ युक्त्यांना करनियोजन म्हणता येणार नाही, असे बजावले. २००३ साली त्याच न्यायालयाने, मॉरिशसबरोबरच्या कराराच्या खटल्यात, कायद्याच्या चौकटीत राहून केलेली व्यवस्था केवळ कर वाचतो म्हणून बेकायदा ठरत नाही, अशी बाजू घेतली. एकच अभ्यासमंडळ ह्या दोन्ही निकालांवर बसले, आणि दोन्ही वेळी सभागृहात दोन तट होते. मला त्यात काही वावगे दिसत नाही. एका बाजूचेच लोक जमले असते तर अभ्यास झाला नसता, ठराव झाला असता.

आता जरा दूर, अमेरिकेत जाऊ. तेथे जाण्याचे कारण आपल्याच एका थोर पुरुषाशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा तेथे त्यांना एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे अध्यापक लाभले. राजस्व हा सेलिग्मन ह्यांचा विषय. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर बाबासाहेबांचा जो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना आहे ती ह्याच सेलिग्मन ह्यांची. बाबासाहेब त्यांच्या वर्गात बसत होते त्याच सुमारास सेलिग्मन हे 'नॅशनल टॅक्स असोसिएशन' ह्या संस्थेचे अध्यक्ष होते. ही संस्था १९०७ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरी भरलेल्या परिषदेतून निघाली. तिची कल्पना साधी होती: विद्यापीठातील पंडित, राज्याराज्यांचे कर-अधिकारी आणि प्रत्यक्ष व्यवसाय करणारे वकील व हिशेबनीस ह्या तिघांना एका मेजाभोवती बसवावयाचे. कोणत्याही राजकीय पक्षाचा पुरस्कार तिने करावयाचा नाही.

त्या काळी तेथे जळता प्रश्न होता तो सर्वसाधारण मालमत्ता-कराचा. मालमत्ता कोणतीही असो, जमीन असो, गुरे असोत की कर्जरोखे असोत, सर्वांवर सारख्याच दराने कर. ऐकावयास किती न्याय्य वाटते! पण जमीन सर्वांना दिसते, रोखा पेटीत असतो. ज्याने रोखे प्रामाणिकपणे जाहीर केले त्याच्या व्याजाचा मोठा भाग करातच जाई. ज्याने लपवून ठेवले तो सुखी. विधवा आणि पोरकी मुले ह्यांच्या मालमत्तेची यादी न्यायालयात नोंदलेली असल्यामुळे कर नेमका त्यांच्याकडून वसूल होई. सेलिग्मन ह्या कराचे कडवे टीकाकार होते. पंडिताला हा कर तत्त्वतः चुकीचा दिसत होता, अधिकाऱ्याला तो वसूल होत नाही हे ठाऊक होते, आणि वकिलाला आपला पक्षकार खोटे का लिहितो हे माहीत होते. तिघांनाही अर्धे अर्धे कळलेले. धोरण आणि पालन ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, वाईट धोरण चांगल्या माणसाला खोटे बोलावयास लावते, हे कळावयाला तिघे एकत्र यावे लागले.

आपल्याकडेही ह्याचा धडा आपण भरपूर किंमत देऊन शिकलो. १९७३-७४ च्या सुमारास आपल्या देशात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह शेकडा ९७.७५ इतका झाला होता. वरच्या थरातील मिळकतीच्या शंभर रुपयांतून सव्वादोन रुपये मिळविणाऱ्याच्या हाती राहात. न्यायमूर्ती वांच्छू समितीने त्याआधीच सांगून ठेवले होते की, असे दर हेच काळ्या पैशाचे एक मोठे कारण आहे. दर थोडे उतरले ते १९७४ साली. ५० टक्क्यांवर आले १९८५ साली, आणि ३० वर आले १९९७ साली. ह्या काळात व्यवसाय केलेल्या जुन्या मंडळींना विचारा. त्या वेळी बारीक वही हा अपवाद नव्हता. माझ्या दुकानदाराचे समर्थन मी करीत नाही. त्यांची मिळकत ९७ टक्क्यांच्या आसपासही नव्हती. पण वरच्यांनी लपविले म्हणजे खालच्यांनाही लपविण्यात लाज वाटेनाशी होते.

कायदा सुधारावा म्हणून ह्या संस्था जे निवेदन दर वर्षी अंदाजपत्रकापूर्वी अर्थमंत्रालयाकडे पाठवितात, ते लिहिणे ही एक कलाच आहे. मी ज्या निवेदनांच्या लेखनात भाग घेतला त्यांत आम्ही तीन रकाने करीत असू: कलम कोणते, अडचण कोणती, सूचना कोणती. विशेषणांना बंदी. हा कित्ता कोणी घालून दिला असे मला कोणी विचारले तर मी नामदार गोखल्यांचे नाव घेईन. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकार शिलकेचा अभिमान बाळगीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखविले की, दुष्काळ आणि प्लेग ह्यांनी गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्यामुळे ही शिल्लक उरली आहे. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर न्या, असे त्यांनी सुचविले. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि माफीची मर्यादाही हजारावर गेली. गोखले राजकारणी पुरुष होते, राष्ट्रसभेचे होते, हे खरे. पण त्यांचे टिपण कोणत्याही पक्षाच्या हिशेबनिसाने तपासले असते तरी बेरीज तीच आली असती.

इथपर्यंत मी आमच्या मंडळींचे कौतुकच केले. आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो.

जे लोक कायद्याची गुंतागुंत सर्वांत चांगली जाणतात, त्यांचेच पोट त्या गुंतागुंतीवर चालते. हे उघड सत्य आमच्या सभांतून क्वचितच कोणी उच्चारतो. सरकारने १९८४ साली असा नियम केला की, ज्या व्यापाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर आहे त्याने आपले हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडून करासाठी तपासून घ्यावेत. नियम चांगला होता. बारीक वह्यांना त्याने पुष्कळ आळा घातला. परंतु ४० लाखांची ती मर्यादा २०१० सालापर्यंत तशीच राहिली. दरम्यान काय झाले? तेच तेलाचे डबे, तीच साखरेची पोती. भाव मात्र वर्षावर्षाला चढले. व्यापार तसूभर न वाढताही लहान लहान दुकानदार दर वर्षी ह्या मर्यादेच्या वर येत राहिले. त्यांचा खर्च वाढला आणि आम्हाला हातपाय न हलविता काम मिळत राहिले.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या निवेदन समितीवर होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. ती हयात आहे आणि चांगले काम करीत आहे. समितीत जिल्ह्याच्या गावाहून आलेला एक तरुण सदस्य होता. मसुदा वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आपण एवढी सत्तर-ऐंशी कलमं घेतली, पण हिशेबतपासणीची मर्यादा वाढवा असं कुठंच लिहिलेलं नाही. माझ्या गावचे लहान व्यापारी मला रोज विचारतात." सभेत जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. कोणी त्याला विरोध केला नाही. विरोध करावयाला कारण द्यावे लागते. एक जण म्हणाले, विषय व्यापक आहे. दुसरे म्हणाले, आकडेवारी जमवावी लागेल. अध्यक्षांनी तो मुद्दा पुढील बैठकीत विचारार्थ ठेवावा असे सुचविले, आणि पुढील बैठक निवेदन पाठवून झाल्यावर होती. मी काय केले? माझ्या कचेरीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा त्या तपासण्यांतून येत होता. मी समोरच्या कागदावर पेन्सिलीने रेघा ओढीत बसलो. तो मुलगा माझ्याकडे बघत होता, कारण आदल्या दिवशी चहाच्या वेळी मीच त्याला म्हणालो होतो की, मुद्दा रास्त आहे.

मर्यादा २०१० साली ६० लाखांवर आणि २०१२ साली एक कोटीवर गेली. पुढे, ज्यांचे रोखीचे व्यवहार शेकडा पाचांच्या आत आहेत अशांसाठी ती २०२० साली पाच कोटींवर आणि २०२१ साली दहा कोटींवर गेली. ह्यांतील पहिली वाढ जाहीर झाली त्या दिवशी त्या सदस्याचा मला दूरध्वनी आला. तो एवढेच म्हणाला, "दहा वर्षं उशीर झाला, नाही का?" मी हो म्हणालो. ह्याहून अधिक काही बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

पक्षनिरपेक्षता ह्या शब्दाचा अर्थ आपण फार सोपा करून घेतला आहे. निवडणुकीत कोणाचा प्रचार करावयाचा नाही, व्यासपीठावर कोणा पुढाऱ्याचा उदोउदो करावयाचा नाही, एवढे केले की आम्ही निःपक्षपाती. हे पथ्य आमच्या संस्थांना फारसे जड जात नाही. परदेशी कंपन्यांच्या व्यवहाराविषयी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी व्होडाफोनच्या बाजूने निर्णय दिल्यावर त्याच वर्षी सरकारने कायदा मागे, थेट १९६२ सालापासून, बदलून घेतला. हा बदल एका पक्षाच्या सरकारने केला. दुसऱ्या पक्षाचे सरकार आल्यावरही तो कायद्याच्या पुस्तकात सात वर्षे राहिला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आला. खेळ संपल्यावर नियम बदलू नये, हे आमच्या व्यवसायातील पुष्कळांनी दोन्ही सरकारांच्या काळात सांगितले. ते सांगण्यात त्यांचे काही वेचले नाही, असे मी म्हणालो तर ते रागावतील. पण खरेच वेचले नाही. पालखीवालांची गोष्ट घ्या. अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे १९५८ साली एका हॉटेलातील लहानशा दालनात सुरू झाली आणि पुढे ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागली. त्यांची मते तिखट होती, ती त्यांनी लपविली नाहीत. पण ती भाषणे 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ'च्या व्यासपीठावरून होत; मुक्त उद्योगाचा पुरस्कार हे त्या संस्थेचे घोषित कार्यच होते. व्यासपीठ कोणते आणि तेथून काय बोलावयाचे, हा विवेक त्यांना होता.

पक्षाविषयी निःपक्षपाती राहणे सोपे आहे. स्वतःच्या फीविषयी निःपक्षपाती राहणे अवघड आहे. आमच्या संस्थांची कसोटी मला वाटते तेथेच लागते, आणि त्या कसोटीला मी स्वतः एकदा उतरलो नाही, हे वर सांगितलेच आहे.

ही कसोटी आता पुन्हा समोर आली आहे. १९६१ चा प्राप्तिकर कायदा साठ वर्षांत दुरुस्त्या होता होता ८१९ कलमांचा आणि सुमारे ५ लाख १२ हजार शब्दांचा झाला होता. त्याच्या जागी २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा संमत झाला. १ एप्रिल २०२६ ही तो लागू होण्याची तारीख. ह्याची कलमे ५३६ आणि शब्द जवळजवळ निम्मे. जुन्या कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' अशी दोन वर्षे असत. चालू वर्षात मिळविलेल्या पैशाला कायदा 'मागील वर्षा'चे उत्पन्न म्हणे. निवृत्त शिक्षकांना हे समजावून सांगताना माझी अर्धी फी तेथेच खर्च होई, आणि चलनावर चुकीचे वर्ष लिहिल्यामुळे भरलेला कर खात्यात सापडेनासा होणे ही नित्याची तक्रार होती. नव्या कायद्यात दोहोंच्या जागी एकच 'कर-वर्ष' आले आहे. ही सूचना आमच्यापैकी कोणालाही चाळीस वर्षांपूर्वी सुचू शकली असती. शब्द कमी झाले म्हणजे कर सोपा झाला असे नव्हे, हे मलाही समजते. दर, सवलती आणि अपवाद पुष्कळसे तेच आहेत. तरी दार थोडे किलकिले झाले आहे.

२०१९ सालापासून आकारणीची पद्धतही पालटू लागली. पूर्वी करदाता वह्या घेऊन अधिकाऱ्यापुढे उभा राही आणि "त्या साहेबांची नि माझी ओळख आहे" असे सांगणारा सल्लागार महागडा असे. आता अधिकारी कोण, कोणत्या शहरात बसलेला, हे बहुतेक प्रकरणांत कळतच नाही. नोटीस संगणकावर येते, उत्तर संगणकावर जाते. ओळखीचा भाव उतरला, लेखी उत्तराचा चढला. पण इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या, मराठीत विचार करणाऱ्या निवृत्त माणसाला इंग्रजी किंवा हिंदी नोटीस पडद्यावर दिसली की त्याची झोप उडते, ती कोणत्याही सुधारणेने परत आलेली नाही. पुष्कळदा प्रकरण एवढेच असते की, त्याने बँकेला कर न कापण्याविषयीचा अर्ज वेळेवर दिलेला नसतो, बँकेने व्याजातून कर कापलेला असतो, आणि तो परत मिळावयाचा असतो. अशांसाठी काही संस्था आठवड्यातून एखादा दिवस मोफत बसतात. त्या दिवशी रांगेत बसलेल्यांत तुम्ही कोणाच्या बाजूचे असे कोणी विचारीत नाही.

मागच्या महिन्यात मी आमच्या अभ्यासमंडळात गेलो होतो. विषय नवा कायदा. चाळीस-चाळीस वर्षे व्यवसाय केलेली मंडळी चष्मे पुसून पुस्तकाची पाने उलटीत होती. ८०-सी हे कलम आमच्या पिढीला स्वतःच्या घराच्या क्रमांकासारखे पाठ. ते आता १२३ झाले आहे, आणि कोणालाच पटकन सापडत नव्हते. मागच्या रांगेतील एका मुलीने, बहुधा नुकतीच परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी, कलम आधी शोधले आणि मोठ्याने सांगितले. मग तिनेच विचारले की, निवेदन समितीची बैठक कधी आहे, आणि लहान करदात्याने स्वतःच भरता येईल असे एक पानी विवरणपत्र आपण सुचवू शकतो का. ज्येष्ठांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ह्या वेळी मी हात वर केला आणि तो मुद्दा मसुद्यात पहिला घ्यावा असे सुचविले. त्यावर चर्चा झाली, ती बरीच लांबली, चहा निवून गेला. मुद्दा घेतला आहे; पहिला नव्हे, अकरावा.